प्सुखेला मराठीत काय म्हणावे? ग्रीक आत्मविचारावरील एका ऑनलाइन अभ्यासवर्गाविषयी

आत्म्याच्या अमरत्वाविषयी प्राचीन ग्रीकांनी काय विचार केला, या विषयावर इंग्रजीतून चालणारा एक ऑनलाइन अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. 8 शनिवार, दर वेळी पावणेदोन तास, शुल्क 4,500 रुपये, वाचनासाठी 140 पानांची पीडीएफ आणि प्रत्येक वर्गाचे चित्रमुद्रण 3 महिने पाहण्याची सोय, असा हा व्यवहार होता. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्यांतील एक-दोन संस्थेने नंतर दूरही केल्या. शिवाय असे वर्ग हल्ली बरेच निघाले आहेत, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, एवढे या लेखातून समजले तरी पुरे.

माझ्यासारखे बरेच मराठी वाचक या विषयाकडे एक गाठोडे घेऊनच येतात. गीतेचा दुसरा अध्याय कानांवरून गेलेला असतो, ज्ञानेश्वरीचे पारायण घरात झालेले असते आणि आत्मा अमर आहे हे वाक्य आपल्याला इतके सवयीचे असते, की ते सिद्ध करावे लागते असे कोणी म्हटले तर थोडे नवलच वाटते. सॉक्रेटिसही आपल्यासारखेच मानत होता, असे कुठेतरी वाचलेले असते आणि तेवढ्यावर समाधान असते. या वर्गाने ते समाधान काढून घेतले, आणि शुल्क वसूल झाले ते मुख्यतः तेथेच.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी अट घातली की पुढचे आठ आठवडे कोणीही ‘सोल’ हा शब्द वापरायचा नाही. मूळ ग्रीक शब्द प्सुखे, तोच वापरायचा. सायकॉलॉजीतल्या ‘सायको’चे हे माहेर. वर्गातील तीसेक जणांपैकी चार-पाच मराठी असावेत. आम्हाला वाटले की अट इंग्रजीपुरती आहे, आपण मनातल्या मनात ‘आत्मा’ म्हणायला हरकत नाही. ती समजूत तासाभरातच डळमळली, कारण बाईंनी सुरुवात प्लेटोपासून न करता होमरपासून केली.

होमरच्या काव्यांत माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या प्सुखेचे नाव फारसे निघत नाही. विचार, राग, धाडस या गोष्टी थुमोस, फ्रेनेस, नोओस अशा दुसऱ्याच शब्दांकडे सोपवलेल्या आहेत. प्सुखेचा उल्लेख येतो तो ती जाते तेव्हा, किंवा जाण्याच्या बेतात असते तेव्हा. ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरचा ट्रॉयच्या तटाभोवती पाठलाग करतो, तेव्हा कवी म्हणतो की ही शर्यत यज्ञाच्या पशूसाठी किंवा बैलाच्या कातड्यासाठी नव्हती, ती हेक्टरच्या प्सुखेसाठी होती. येथे ‘आत्म्यासाठी’ असे भाषांतर करून पाहा, वाक्य हास्यास्पद होते. ‘जीवासाठी’ म्हणा, चपखल बसते. त्याच संध्याकाळी मी वहीच्या पहिल्या पानावर ‘जीव’ हा शब्द लिहून ठेवला, आणि पुढचे सात आठवडे तो कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, हे पाहण्याचा नाद मला लागला.

हा जीव गेल्यावर त्याचे काय होते? तो मृतांचा देव हेडीस याच्या घरी, म्हणजे पाताळात जातो, पण तेथे जे उरते त्याला अमरत्व म्हणावे असे त्यात काही नाही. मारला गेलेला मित्र पॅट्रोक्लस याची छाया अकिलीसच्या स्वप्नात येते, तो तिला कवटाळू पाहतो आणि ती धुरासारखी, चिरका आवाज करत जमिनीखाली निघून जाते. ‘ओडिसी’त ओडिसिअस आईच्या छायेला तीनदा मिठी मारू पाहतो आणि तीनदा हात रिकामे राहतात. तेथेच अकिलीसची छाया त्याला सांगते, की सगळ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी करणे मी पत्करीन. बाईंनी हा उतारा दोनदा वाचून दाखवला आणि विचारले, या लोकांना कोणी येऊन ‘तुमची प्सुखे अमर आहे’ असे सांगितले असते तर त्यांना आनंद झाला असता का? कोणी उत्तर दिले नाही. दहावा-तेरावा, पिंडाला कावळा शिवणे, या सगळ्यात वाढलेल्या माणसाला ही ओशाळवाणी छाया अगदीच परकी नसते, पण त्या छायेला मोक्ष नाही, पुनर्जन्म नाही आणि पुढची गतीही नाही, हे पचायला वेळ लागतो.

दुसरा वर्ग पायथागोरस, एम्पिडोक्लीस आणि सोन्याच्या पत्र्यांचा होता. सामोस बेटावरून दक्षिण इटलीतील क्रोटोन येथे जाऊन राहिलेल्या पायथागोरसने स्वतः लिहिलेले काहीही आपल्यापर्यंत पोचलेले नाही. तो पुनर्जन्म मानत असे याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे झेनोफनीस या कवी-तत्त्वज्ञाने त्याची केलेली थट्टा आहे: कोणी कुत्र्याच्या पिल्लाला मारत होते, तेव्हा पायथागोरस म्हणाला की मारू नका, ही माझ्या मित्राची प्सुखे आहे, तिचा आवाज मी ओळखला. एम्पिडोक्लीस हा तत्त्वज्ञ तर स्वतःविषयीच सांगतो की मी या आधी मुलगा होतो, मुलगी होतो, झुडूप होतो, पक्षी होतो आणि समुद्रातला मासाही होतो. इतिहासकार हेरोडोटसच्या मते ही कल्पना ग्रीकांनी इजिप्तकडून घेतली. इजिप्तच्या धर्मात अशा पुनर्जन्माचा मागमूस सापडत नसल्यामुळे आजचे अभ्यासक ते मान्य करत नाहीत, हे बाईंनी लगेच सांगितले. अशा ठिकाणी त्या कधी घसरल्या नाहीत.

पण त्या वर्गातील खरी मेजवानी होती ती सोन्याच्या पत्र्यांची. दक्षिण इटली, थेसली आणि क्रीट येथील थडग्यांत प्रेताबरोबर ठेवलेले, तळहातावर सहज मावतील असे पातळ सुवर्णपत्रे सापडले आहेत, आणि त्यांवर मृताने खालच्या लोकात गेल्यावर कोठे वळायचे आणि काय बोलायचे, हे कोरलेले आहे. पांढऱ्या सुरूच्या झाडाजवळच्या झऱ्याकडे जाऊ नकोस. पुढे स्मृतीच्या तळ्यातून थंड पाणी वाहत असेल, तेथील रखवालदारांना सांग, की मी पृथ्वीचे आणि तारांकित आकाशाचे लेकरू आहे, तहानेने माझा जीव चालला आहे, मला पाणी द्या. दक्षिण इटलीतील हिप्पोनिऑन येथील पत्रा इसवी सनापूर्वी 400 च्या सुमाराचा असून तो 1969 मध्ये सापडला. त्यात तो टाळायचा झरा उजव्या हाताला आहे, तर ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या पेटेलियाच्या पत्र्यात तोच डाव्या हाताला आहे. परलोकाच्या पत्त्यातही असा घोळ असावा, याची मला गंमत वाटली. पेटेलियाचा पत्रा कोणीतरी पुढे रोमन काळात गुंडाळून सोन्याच्या ताइतात घातला होता. त्या ताइताचे छायाचित्र पडद्यावर आले तेव्हा मला तो ओळखीच्या माणसाच्या गळ्यातला वाटला. येथे होमरची छाया मागे पडली होती. आठवण टिकवून ठेवणे म्हणजे टिकून राहणे, हा विचार या पत्र्यांत आलेला आहे आणि प्लेटोने पुढे जे केले त्याची माती येथे भिजत पडलेली दिसते.

तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन वर्ग प्लेटोच्या एकट्या ‘फीडो’ या संवादाला दिले होते, आणि वेळेची ही वाटणी मला पूर्ण मान्य आहे, जरी तिची किंमत पुढे ॲरिस्टॉटलला मोजावी लागली. इसवी सनापूर्वी 399 मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस कसा गेला, हे तेथे हजर असलेला फीडो नंतर एका मित्राला सांगतो, अशी या संवादाची रचना आहे. हजर असलेल्यांची यादी देताना फीडो म्हणतो की प्लेटो बहुधा आजारी होता. स्वतःच्याच ग्रंथात स्वतःला गैरहजर दाखवणाऱ्या लेखकाचे हे एक वाक्य बाईंनी तब्बल वीस मिनिटे फिरवले. वर्गातल्या काहींना तो वेळ वाया गेला असे वाटले. मला तसे वाटले नाही, कारण त्यामुळे ‘सॉक्रेटिस म्हणतो’ आणि ‘प्लेटो म्हणतो’ यांतील अंतर शेवटपर्यंत लक्षात राहिले. हे अंतर किती मोठे आहे ते प्लेटोच्याच ‘अपॉलजी’शी ताडून पाहिले की कळते. तेथे न्यायालयापुढे बोलणारा सॉक्रेटिस म्हणतो की मरण म्हणजे एकतर स्वप्नहीन झोप किंवा दुसरीकडे स्थलांतर, आणि दोन्ही चांगलेच. ‘फीडो’तला सॉक्रेटिस मात्र अमरत्व सिद्ध करायला बसला आहे.

त्याचे युक्तिवाद साधारण चार आहेत. पहिला चक्राचा: झोपेतून जाग येते, जागेपणातून झोप, तसे जिवंतातून मृत आणि मृतातून जिवंत. दुसरा स्मरणाचा: दोन काठ्या सारख्या आहेत असे आपण म्हणतो, पण निखळ समानता डोळ्यांनी कधी पाहिलेली नसते, तरीही काठ्या तिच्यात उणे पडतात हे आपल्याला कळते, तेव्हा ती ओळख जन्माच्या आधीची असली पाहिजे. तिसरा साधर्म्याचा: प्सुखे ही अदृश्य, एकजिनसी, न बदलणाऱ्या गोष्टींच्या जातीची असल्याने ती देहासारखी विस्कटणार नाही. चौथ्याकडे पुढे येतो. पहिल्या तिघांत काय कच्चे आहे हे बाईंनी आम्हालाच शोधायला लावले. चार-चार जणांचे गट पाडून प्रत्येक गटाने युक्तिवादाची एकेक पायरी स्वतःच्या शब्दांत लिहायची आणि कोठे पाय घसरतो ते सांगायचे, असा तो सराव होता. आमच्या गटाला चक्राचा युक्तिवाद आला होता. अर्ध्या तासाच्या वादानंतर आम्ही एवढेच म्हणू शकलो, की झोपलेला आणि जागा झालेला माणूस एकच असतो हे आधी ठाऊक असते म्हणून ते उदाहरण पटते, आणि मेलेल्याच्या बाबतीत नेमके तेच तर सिद्ध करायचे आहे. बाई म्हणाल्या, एवढे पुरे आहे.

संवादातील विरोधक हे सिमिअस आणि केबीस नावाचे थीब्जचे दोन तरुण आहेत, आणि ते विरोधक असले तरी सॉक्रेटिसवर त्यांचा जीव आहे, म्हणून त्यांच्या शंका अधिक बोचतात. स्मरणाच्या युक्तिवादाने फक्त जन्मापूर्वीचे अस्तित्व सिद्ध झाले, मरणानंतरचे झाले नाही, हे ते लगेच पकडतात. त्यावर सॉक्रेटिस थट्टेने म्हणतो, की देहातून बाहेर पडताच वारा प्सुखेला उडवून लावील अशी लहान मुलांसारखी भीती तुम्हाला वाटते आहे, त्यातही माणूस नेमका वावटळीच्या दिवशी मेला तर बघायलाच नको. केबीस हसतो आणि म्हणतो, आमच्या आत ते घाबरणारे मूल असेलही, त्याचीच समजूत घाल. विषाचा पेला काही तासांवर आलेला असताना चाललेली ही चेष्टा वाचताना मी थांबलो, हे मान्य केले पाहिजे.

आता केबीसच्या आक्षेपाकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने संपूर्ण अभ्यासवर्गाचा कळस तो होता. केबीस म्हणतो: समजा एक म्हातारा विणकर मेला. त्याने आयुष्यात अनेक अंगरखे विणले, वापरले, झिजवले. अंगरख्यापेक्षा माणूस जास्त टिकतो हे खरेच. पण म्हणून, विणकराने विणलेला शेवटचा अंगरखा अजून शाबूत आहे तेव्हा विणकरही कोठेतरी शाबूत असलाच पाहिजे, असे कोणी म्हटले तर ते चालेल का? प्सुखे अनेक देह झिजवत असेल, अनेक जन्म घेत असेल, आणि तरीही त्या कष्टांनी थकून कोणत्यातरी एका देहात तिचा शेवट होत असेल.

हे वाचताना मराठी माणसाच्या कानात काय वाजते ते सांगायला नको. ‘वासांसि जीर्णानि’ हा श्लोक आपल्याकडे कोणाच्याही दिवसांना गेले तरी कानी पडतो. जुनी वस्त्रे टाकून माणूस नवी नेसतो तसा देही नवे देह धारण करतो, या दृष्टान्ताने गीता जे ठसवते, त्याच दृष्टान्ताने केबीस शंका उभी करतो. वस्त्र तेच, नेसणारा तोच, पण प्रश्न असा की किती वस्त्रांपर्यंत? मी इतकी वर्षे तो श्लोक ऐकला, म्हटला, पण दृष्टान्तातच दडलेला हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. येथे गीतेची बाजू घेऊन सांगायचे तर तिथला दृष्टान्त हा पुरावा म्हणून आलेलाच नाही. न जायते, न म्रियते हे आधी सांगून झालेले आहे आणि वस्त्रे ही केवळ समजावण्यासाठी आहेत. केबीससमोर मात्र असे आधी मान्य झालेले काहीच नाही. वर्गात एका सहभागीने आवेशाने सांगितले की ग्रीकांनी हे आपल्याकडूनच घेतले. बाईंनी त्यांना न दुखावता एवढेच विचारले, की घेतले असेल तर उलटे का केले?

या दोन आक्षेपांनंतर तुरुंगातले सगळेच खचतात. एक सिमिअसचा, की वीणेतला सुरांचा मेळ वीणेहून कितीही दिव्य असला तरी वीणा मोडली की तोही जातो, आणि दुसरा केबीसचा हा. तेव्हा सॉक्रेटिस फीडोच्या मानेवरचे केस हातात घेऊन म्हणतो, उद्या तू हे सुंदर केस शोकाने कापशील बहुधा, पण आपला युक्तिवाद मेला आणि आपण त्याला जिवंत करू शकलो नाही, तर आजच काप, मीही माझे कापतो. मग तो सावध करतो की काही युक्तिवाद फसले म्हणून युक्तिवादाचाच द्वेष करू लागू नका. सिमिअसला उत्तर देताना तो म्हणतो की मेळ वाद्याच्या मागून चालतो, प्सुखे तर देहाला आवरते, त्याच्या विरुद्धही जाते. हे उत्तर बरेच बळकट आहे.

चौथा आणि शेवटचा युक्तिवाद केबीससाठी आहे. बर्फ थंडपणा बरोबर आणते, म्हणून ते उष्णता स्वीकारत नाही. ती जवळ आली की ते एकतर मागे हटते किंवा नष्ट होते. तीन ही संख्या विषमपणा आणते, म्हणून ती सम होऊ शकत नाही. तसे प्सुखे जिथे जाते तिथे जीवन आणते, म्हणून ती जीवनाचे विरुद्ध जे मरण, ते स्वीकारणार नाही. इथपर्यंत चाल सुरेख आहे. पण बर्फ वितळतेच की. मेलेली प्सुखे असू शकत नाही, हे कबूल केले तरी ‘मेलेली नाही’ आणि ‘आहेच’ यांत फट राहते, आणि जे मरण स्वीकारत नाही ते नष्टही होत नाही, हे वाक्य ‘फीडो’त सिद्ध होत नाही, तर केबीस ते मान्य करून टाकतो. ही फट प्राचीन काळीच स्ट्रेटो या ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील तत्त्वज्ञाने दाखवली होती. मला सर्वांत भावला तो सिमिअस, जो शेवटी म्हणतो की युक्तिवादात खोट दिसत नाही, पण विषय इतका मोठा आणि माणूस इतका दुबळा, की मनात थोडी शंका राहतेच. आणि सॉक्रेटिस त्याला दटावत नाही. बरोबर आहे, म्हणतो, अगदी पहिल्या गृहीतकांचीही पुन्हा तपासणी करा. गुरूने मृत्यूच्या दिवशी शिष्याच्या शंकेला असा मान द्यावा, हे दृश्य कोणत्याही सिद्धतेपेक्षा माझ्याजवळ जास्त टिकेल.

सहावा वर्ग प्लेटोच्याच ‘मेनो’, ‘रिपब्लिक’ आणि ‘फीड्रस’ या संवादांचा होता. तो मी घरच्या लग्नामुळे चुकवला आणि नंतर चित्रमुद्रण पाहायला बसलो, तर पहिल्या पन्नास मिनिटांना आवाजच नव्हता. बाई पडद्यावर चौरस काढत होत्या आणि ओठ हलत होते. हा ‘मेनो’तल्या गुलाम मुलाचा प्रसंग असणार, एवढे समजले: दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगितल्यावर तो आधी चार फुटांची बाजू सांगतो, मग तीन फुटांची, आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारल्यावर शेवटी कर्णापाशी पोचतो. शिकणे म्हणजे आठवणे, हे दाखवणारा प्रसंग मला मूकपटासारखा पाहावा लागला. तक्रारीला नऊ दिवसांनी उत्तर आले आणि आवाजाविना भागाची टिपणे पाठवण्यात आली. टिपणे चांगली होती, पण टिपणे म्हणजे वर्ग नव्हे.

उरलेल्या भागात मात्र एक फार महत्त्वाची जागा ऐकायला मिळाली. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या खंडात सॉक्रेटिस ग्लॉकनला सहज विचारतो, आपली प्सुखे अमर आहे, ती कधीच नष्ट होत नाही, हे तुला ठाऊक नाही का? ग्लॉकन चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहतो आणि म्हणतो, नाही बुवा, आणि तू हे खरेच सांगू शकतोस? ग्लॉकन प्लेटोचा सख्खा भाऊ, अथेन्समधील सुशिक्षित घराण्यातला. त्याला ही गोष्ट नवी वाटते, यावरूनच समजावे की ‘प्राचीन ग्रीक आत्म्याचे अमरत्व मानत’ हे विधान किती ढिले आहे. काही ग्रीक मानत, आणि बरेच जण हेडीसच्या छायेवरच थांबलेले होते. त्याच खंडाच्या शेवटी एर या योद्ध्याची कथा येते. बाराव्या दिवशी चितेवर जिवंत झालेला हा माणूस सांगतो की पुढचा जन्म प्सुखे स्वतः निवडतात. गायक ऑर्फिअस हंस होणे पसंत करतो, तर सर्वांत शेवटी पाळी आलेला ओडिसिअस कीर्तीला विटून, कोपऱ्यात पडलेले एका सामान्य माणसाचे निवांत आयुष्य शोधून काढतो आणि खूश होतो. कर्मविपाकाची सवय असलेल्या आपल्याला ही निवड चक्रावून टाकते.

सातव्या वर्गाविषयी माझी खरी नाराजी आहे. ॲरिस्टॉटल, त्याच्या नंतरचा स्टोइक हा तत्त्वज्ञपंथ आणि अणुवादी एपिक्युरस यांना मिळून पावणेदोन तास! ॲरिस्टॉटलच्या मते प्सुखे म्हणजे सजीव शरीराचे सजीवपण. डोळा हा प्राणी असता तर दृष्टी ही त्याची प्सुखे ठरली असती, असे तो ‘दे ॲनिमा’ या ग्रंथात म्हणतो. पोषण आणि वाढ ही तिचीच कामे असल्याने वनस्पतींनाही ती असते, म्हणजे माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्यालाही आहे. येथे ‘आत्मा’ हा शब्द पुरता निकालात निघतो. कुऱ्हाड मोडल्यावर तिची धार कोठे गेली, असे आपण विचारत नाही. मग त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात जेमतेम एका परिच्छेदात तो म्हणतो की बुद्धीचा एक क्रियाशील अंश मात्र वेगळा, अमर आणि शाश्वत आहे. तो अंश माझा की सर्वांचा एकच, या प्रश्नावर ॲफ्रोडिसिअसचा अलेक्झांडर, इब्न रुश्द आणि थॉमस अक्वायनस या भाष्यकारांनी शतकानुशतके वाद घातला. त्या परिच्छेदाला वर्गात बारा मिनिटे मिळाली, मी घड्याळ लावून पाहिले. स्टोइकांची प्सुखे हा एक उष्ण श्वास, म्हणजे शरीरच. ती मरणानंतर काही काळ टिकते, पण त्या पंथाच्या क्लीअँथिसच्या मते सर्वांची विश्वाच्या अग्निप्रलयापर्यंत आणि ख्रिसिपसच्या मते फक्त शहाण्यांची. हे मतभेद किती रंगवता आले असते! एपिक्युरसला तर निरोपाचीच वेळ मिळाली: अणू विखुरतात, आपण असतो तेव्हा मरण नसते, मरण असते तेव्हा आपण नसतो, धन्यवाद, पुढच्या शनिवारी भेटू. ज्यांनी अमरत्व नाकारले त्यांना असे घाईत उरकणे योग्य नव्हते, कारण केबीसची शंका गांभीर्याने घेणारे वारसदार तेच होते.

आठवा वर्ग प्रश्नोत्तरांचा होता आणि भारताचा विषय तेथे निघणारच होता. बाईंनी मेगॅस्थिनीसचा एक उल्लेख आणला होता, जो भूगोलकार स्ट्रेबोने जपून ठेवला आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला हा ग्रीक वकील ब्राह्मणांविषयी लिहितो, की प्सुखेचे अविनाशित्व आणि हेडीसमधील न्यायनिवाडा यांविषयी तेही प्लेटोसारख्या कथा गुंफतात. म्हणजे दोन्हीकडचे साम्य पाहणारा पहिला माणूस आपण नव्हे, तो तेवीसशे वर्षांपूर्वीच येऊन गेला. त्याने साम्य नोंदवले, पण कोणी कोणाकडून घेतले ते सांगितले नाही. मी तेव्हा माझा ‘जीव’ पुढे केला. होमरला तो पूर्ण बसतो, कारण प्सुखे तिथे केवळ ‘जाते’. प्लेटोची प्सुखे शिकते, चुकते, देहाच्या नादी लागते, शिक्षा भोगते आणि पुन्हा जन्मते, तेव्हा तिला वेदान्तातल्या साक्षी आत्म्यापेक्षा बद्ध जीवच जवळचा. ॲरिस्टॉटललाही ‘झाडात जीव आहे’ या अर्थाने चालतो. बाईंनी हा शब्द लिहून घेतला आणि विचारले, तुमच्याकडे जीव अमर असतो का? मी गडबडलो. ‘जीव गेला’ असे आपण रोज म्हणतो आणि तो गेला म्हणजे संपला की कोठे पोचला, हे मात्र कधी ठरवत नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. वाचनाची निवड उत्तम आहे, पण पीडीएफमध्ये ग्रीक फॉन्ट नीट बसवलेला नव्हता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी 140 पानांची प्रिंट काढून बाइंडिंग करून घेतले आणि घरी येऊन पाहतो तर प्रत्येक ग्रीक शब्दाच्या जागी रिकामे चौकोन. प्सुखेच्या जागी चार. पानेच्या पाने अमरत्वाची चर्चा आणि जिच्या अमरत्वाची चर्चा तीच गायब! तक्रार केल्यावर दुरुस्त पीडीएफ आली, पण तोवर पाचवा आठवडा उजाडला होता. प्रिंट काढण्यापूर्वी एक पान छापून पाहावे, हे माझ्या खर्चाने शिकून घ्या. बाईंचे इंग्रजी सावकाश आणि स्पष्ट आहे, ग्रीक येण्याची गरज नाही. मात्र ‘फीडो’ एकदा आधी वाचून गेल्याशिवाय तिसऱ्या वर्गात बसू नये. आमच्यातले जे न वाचता आले, ते बहुतेक पाचव्या आठवड्यापर्यंत गळाले आणि शेवटी आम्ही सतरा जण उरलो.

ज्यांना ग्रीक आत्मविचाराचा समग्र आढावा हवा आहे त्यांना हा वर्ग अपुरा वाटेल. ज्यांना एक संवाद तीन आठवडे उलटसुलट करून वाचायचा आहे, त्यांनी जरूर घ्यावा, 4,500 रुपये जास्त नाहीत. उन्हाळ्यात हीच संस्था एकट्या ॲरिस्टॉटलवर सहा आठवड्यांचा वर्ग घेणार असल्याचे शेवटच्या दिवशी सांगण्यात आले. मी नाव नोंदवले आहे, फक्त या वेळी पीडीएफ हाती आल्यावर आधी चौकोन मोजणार आहे.